सोडलेली गार

उमरीच्या सरकारी मदरशात अनंतराव मास्तर जुगराफिया शिकवायचे, म्हणजे भूगोल. राज्य निजामाचं, शिक्षण उर्दूतून. घरी मराठीत भाकरी खाऊन आलेल्या पोरांना मास्तर उर्दूतून समुद्र, डोंगर आणि वारे समजावून सांगत. त्यांपैकी समुद्र त्यांनी स्वतः कधी पाहिला नव्हता आणि डोंगर उमरीच्या आसपास नव्हते. राहिला वारा. तो घरपोच येत होता. मास्तरांनी वारा धरला आणि मग जन्मभर सोडला नाही.

कापसाच्या जिनिंगमधला एक पारशी इंजिनिअर गाव सोडून जाताना त्यांना एक पितळी यंत्र देऊन गेला होता. हवेचा दाब दाखवणारं. गोल तबकडी, वर काच, आत एकच काटा, आणि कडेनं इंग्रजीत कोरडं, बदल, पाऊस, वादळ असे शब्द. मास्तरांनी ते माजघरात देवांच्या तसबिरींशेजारी टांगलं. उमरीत त्याला एक काट्याचं घड्याळ म्हणत. मास्तरांच्या पत्नी चंद्रप्रभाबाई दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहत आणि उरलेलं वर्षभर त्याच्याशी बोलत नसत.

"अहो, यात किती वाजले ते कधी कळतं का?"

"त्यात वाजत नाही. पुढं काय होणार ते त्यात कळतं."

"मग सांगा, दूधवाला कधी येणार?"

सकाळी उठले की तोंड धुण्याआधी मास्तर काचेवर बोटानं टकटक करीत, आत कुणी राहत असल्यासारखं. काटा हलला की चेहरा हले. काटा वादळाकडं झुकला की त्यांना एक गंभीर आनंद होई. तो लपवण्यासाठी ते धोतराचा सोगा पुन्हा पुन्हा नीट करीत. चंद्रप्रभाबाईंना यंत्राकडं बघायची गरजच पडत नसे. सोगा बघितला की त्या अंगणातल्या पापड-कुरड्या आत घेत.

आता मास्तरांचं दुःख. ते उमरीत नव्हतं, उमरीपासून चालत जाण्यासारख्या कवळवाडीत होतं. त्या दुःखाचं नाव गैबीनाथ.

गैबीनाथ कवळवाडीचा गारपगारी होता. गारपगारी म्हणजे गावावर येणारी गार अडवणारा. नाथजोग्यांच्या घराण्यात हा हक्क बापाकडून लेकाकडं येतो. आभाळ काळवंडलं की गैबीनं लोखंडी त्रिशूळ घेऊन मारुतीच्या देवळापुढं उभं राहायचं, शिंगी फुंकायची, ढगाच्या दिशेनं मंतरलेले उडीद फेकायचे आणि ढगाला शिव्या द्यायच्या. बदल्यात सुगीला प्रत्येक घरानं त्याला सूपभर ज्वारी आणि कडब्याच्या पेंढ्या द्यायच्या. गैबी अंगानं काडी, आवाजानं नगारा. "हट! भोकरच्या वाटंनं जा! हितं तुझ्या बापाचं काय हाय रं?" असा तो ओरडू लागला की गुरंसुद्धा रवंथ थांबवीत. भोकरकडच्या लोकांचा त्याच्यावर फार राग होता.

मास्तरांचं दुःख असं की त्यांनी वर्तवलेलं प्रत्येक वादळ गैबी परतवून लावत असे. काटा उतरे, मास्तर सांगत, ढग येई, गैबी उभा राही, आणि ढग बाजूनं निघून जाई. आमच्या मुलखात बहुतेक ढग बाजूनंच जातात, हे मास्तरांना ठाऊक होतं. ढगांना आमच्याबद्दल काही वाटत नाही. पण कवळवाडीचा हिशेब निराळा होता. ढग आला तर तो आपसूक आला, आणि गेला म्हणजे गैबीनं घालवला आणि मास्तरांचं सांगणं पोकळ गेलं. बाजारात कुणीही विचारी, "काय मास्तर, गैबीनं कालचं पण मोडलं म्हनं तुमचं?"

खरी गंमत पुढंच आहे. त्या दोघांची मैत्री होती. आणि ढग येणार हे गैबीला आधी सांगणारे मास्तरच होते. एकदा गैबी बायकोला आणायला सासुरवाडीला, अहमदपूरला गेलेला असताना आभाळ भरून आलं होतं आणि गाव त्याला शोधत फिरलं होतं. तेव्हापासून काटा उतरला की मास्तर कवळवाडीला जात, पारावर गैबीच्या अगदी जवळ बसत आणि कानात सांगत, "दोन दिवस गाव सोडू नको." गैबी चिलीम बाजूला ठेवून विचारी, "कुन्या अंगानं?" मास्तर दिशा सांगत. दोन दिवसांनी ढग आला की गैबी आधीच त्या दिशेला तोंड करून उभा असे. लोक थक्क होत. मास्तर उमरीला परत जात, आपल्याच हातानं आपली लाज विकून आल्यासारखे.

"मग सांगता कशाला त्याला?" चंद्रप्रभाबाई विचारीत.

"कुणाला तरी सांगावं लागतं," मास्तर म्हणत. माणसाला खरं कळलं की एक ऐकणारा लागतो. मास्तरांना जगात तो एकच मिळाला होता, आणि नेमका तोच त्यांना खोटं पाडत होता.

ही गोष्ट महायुद्ध संपत आलं होतं त्या वर्षीची. आदल्या सुगीला पाटलाच्या गव्हाच्या एका कोपऱ्यावर मूठभर गार पडली होती. गहू फारसा गेला नव्हता, पण तो पाटलाचा होता. अर्जुनराव पाटलांनी भर पारावर गैबीला सांगितलं होतं, "औंदा शिवारात एक जरी गार पडली ना गैबी, तर तुझं सूप बंद. त्रिशूळ मारुतीपुढं ठिवायचा आन् दुसरं काम बघायचं." गैबीला दुसरं काम येत नव्हतं. त्याच्या सात पिढ्यांनी ढगांना शिव्या देण्यापलीकडं काही केलं नव्हतं. घरात बायको साखराबाई, लेकरं, आणि जमीन म्हणाल तर देवळामागं तुळशीपुरती.

फाल्गुन लागला. ज्वारी पिकून उभी होती, कणसं पांढरीफेक. काढायला हरकत नव्हती, पण दाणा आणखी थोडा वाळला तर बरं म्हणून लोक थांबले होते. गैबी असताना घाई कशाची?

आणि काटा उतरू लागला.

पहिल्या दिवशी मास्तरांनी टकटक केली तर काटा बदलाच्या खाली. संध्याकाळी पाऊस ओलांडून पुढं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वादळाच्याही पलीकडं, जिथं तबकडीवर कुठलाच शब्द नव्हता, अशा कोऱ्या जागी जाऊन उभा राहिला. मास्तर बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडं बघत राहिले. सोग्याला त्यांनी हात लावला नाही. चंद्रप्रभाबाई घाबरल्या.

मास्तर तडक स्टेशनवर गेले. उमरीवरून मनमाड-काचीगुडा गाडी जाते, आणि स्टेशनमास्तर गुरुपादप्पांकडं तारेचं यंत्र होतं. गुरुपादप्पा विजापूरकडचे. लढाईच्या दिवसांत तारेवरून आभाळाच्या गप्पा मारायला सक्त मनाई होती. पण गाडी का उशिरा आहे हे विचारायला मनाई नव्हती.

"या री मास्तर," गुरुपादप्पा म्हणाले. "कालची पॅसेंजर आज आली. आजची येत न्हाई."

"विचारा ना, का येत नाही."

गुरुपादप्पांनी कट्टकडकट्ट केलं. बऱ्याच वेळानं उलट कट्टकडकट्ट आलं. ऐकता ऐकता त्यांच्या भुवया टोपीत गेल्या.

"काल दुपारी जालन्याला गार पडली. स्टेशनचे पत्रे उडाले म्हणतो. स्टेशनमास्तर टेबलाखाली बसून तार देला."

"आणि आज?"

दुपारपर्यंत दोघं तिथंच बसले. मग परभणी बोलली, मागोमाग पूर्णा. दोन्हीकडं एकाच वेळी पडली होती. सिग्नलच्या काचा फुटल्या, रुळांवर झाडं, गार आवळ्याएवढी. गुरुपादप्पा म्हणाले, "अय्यो, ह्येचं तिकीट कुठवर हाय हो मास्तर?"

मास्तरांनी खडूनं फलाटाच्या फरशीवर एक रेघ ओढली. काल जालना, आज परभणी आणि पूर्णा. उद्या दुपारी नांदेड, मुदखेड, उमरी. एकटा ढग असता तर चुकला असता. हा एकटा नव्हता. ढगांची पंगत उठत होती, एक उठला की दुसरा बसत होता, आणि उद्याचं पान आमच्या शिवारात वाढलेलं होतं. मास्तरांना जाणवलं की आयुष्यात पहिल्यांदाच आपण शंभर टक्के खरे ठरणार. लगेच दुसरं जाणवलं, की आपण खरे ठरलो की गैबीचं सूप बंद. ते फरशीवरची रेघ पायानं पुसू लागले. ती पुसली गेली नाही.

ते कवळवाडीला पोचले तेव्हा गैबी घरापुढं शिंगीला तेल लावत बसला होता. साखराबाई ज्वारी पाखडत होती, मागल्या सुगीच्या सुपातली शेवटची.

"काय मास्तर, लगबगीनं येऊन राहिले? कुन्या अंगानं?"

"सगळ्या अंगानं. उद्या दुपारी. आणि गैबी, हे फिरणार नाही."

गैबी हसला. मग मास्तरांचा चेहरा बघून थांबला. "न्हाई फिरनार?"

"नाही. गावाला सांग, आजच ज्वारी काढायला लागा. कणसं तरी खुडून घरात न्या."

"तुमी सांगा की."

"माझं कोण ऐकतं? तूच ठेवलंस का कुणी ऐकणारं?"

"आन् मी सांगू? की बाबांनो, औंदा मला गार अडवत न्हाई? मंग सूप कशाचं मागू?"

"सांगितलं नाहीस तर गार पडेल. सूप जाईल आणि गावाची ज्वारीही जाईल."

गैबी शिंगी हातात फिरवत राहिला. दोन्हीकडून तो बुडत होता, आणि बुडणारा माणूस आधी हातातली वस्तू नीट पुसून ठेवतो.

साखराबाईनं सूप खाली ठेवलं. "अडवत न्हाई म्हनू नगा. सोडतो म्हना."

"काय?"

"गार सोडतो म्हना. मामंजींनी न्हवती का सोडली? गावानं त्या साली सूप द्यायला टाळाटाळ केली तवा? पारावर जाऊन म्हनले, जा, सोडली गार. रातोरात गावानं शिवार रिकामं केलं. मंग पडली का न्हाई मला ठावं न्हाई, पर सूप आलं."

ही पद्धत खरीच होती. जो अडवतो तो रुसला तर सोडतोही, असं लोक मानत. गैबीचे डोळे चमकले आणि विझले. "पर रुसू कशावर? गावानं तर काई केलं न्हाई. सूप देत्यात, पाया पडत्यात."

साखराबाईनं मास्तरांकडं बघितलं. मग गैबीनं बघितलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "मला शिव्या येत नाहीत."

"उर्दूत येत असतील की," साखराबाई म्हणाली. "दादा, चारचौघांत ह्यांचा अपमान करायचा. ह्ये ढोंगी हायेत म्हनायचं. तेवढंच. तुमाला तर मनातून वाटतच असल."

मास्तर "छे, छे" म्हणाले, पण फार वेळ लावून.

दिवेलागणीला पारावर मंडळी जमली होती. पाटील होते. मास्तर मधोमध उभे राहिले आणि त्यांनी ठरल्याप्रमाणे सुरुवात केली. "गैबीनाथ! तू निहायत नामाकूल आणि जाहिल आदमी आहेस!"

गावाला वाटलं, मास्तर सरकारी हुकूम वाचून दाखवतायत. दोघातिघांनी मुंडाशी सावरली. पाटील म्हणाले, "मराठीत सांगा मास्तर, शेतसाऱ्याचं हाय का?"

मास्तर गडबडले. त्यांनी गैबीकडं बघितलं. गैबीनं डोळ्यांनी खुणावलं, चालू द्या. पलीकडं कुणीतरी फिदीफिदी हसलं आणि म्हणालं, "मास्तर, उद्याचं बी मोडनार का गैबी तुमचं?"

आणि तिथं काहीतरी सुटलं. इतक्या वर्षांचे उतरलेले काटे, परतलेले ढग, बाजारातली थट्टा, दूधवाला, सगळं एकदम मास्तरांच्या तोंडाशी आलं आणि मराठीत आलं.

"हा मोडणार? ह्यानं जन्मात एक ढग मोडला नाही! ढग आपल्या वाटेनं जातात आणि हा त्यांच्या पाठीमागं ओरडतो. गाडी गेल्यावर हिरवा झेंडा दाखवणारा हा! कुठून येणार, कधी येणार, सगळं मी सांगायचं, आणि सूप ह्यानं न्यायचं! ढोंगी!"

इथवर ठीक होतं. गैबी मान डोलवायच्या बेतात होता. पण मास्तर थांबले नाहीत.

"आणि हे लोखंड! विजा चमकताना मोकळ्या रानात लोखंड उभं धरतो. लोखंडावर वीज पडते हे मदरशातलं पोरगंसुद्धा सांगेल. तुझा बाप गावासाठी मेला म्हणतात. गावासाठी नाही मेला. मूर्खपणानं मेला!"

गैबीच्या बापावर मारुतीपुढं, गार अडवताना, वीज पडली होती. त्या दिवशी ढग फिरला होता, असं गाव अजूनही सांगत असे. देवळाच्या पायरीशी त्याच्या नावाचा दगड होता आणि गैबी रोज त्याला पाणी घालत असे.

गैबी उठला. त्याचा चेहरा ठरल्यासारखा नव्हता. तो मास्तरांकडं बघत होता आणि खुणावत नव्हता.

"सोडली," तो म्हणाला. नगाऱ्यासारखा आवाज इतका बारीक झाला होता की मागच्यांना पुढच्यांना विचारावं लागलं. "उद्या दुपारी गार सोडली. लिंबाएवढी."

मास्तरांनी त्याला आवळ्याएवढी सांगितली होती. लिंबाएवढी त्याची त्यानं रागात केली.

तो घरात गेला आणि दार लावून घेतलं. सगळ्या बेतात एवढंच एक खरं घडलं होतं, आणि ते बेतात नव्हतं.

यानंतर गाव शेताकडं पळेल असं साखराबाईचं गणित होतं. गाव शेताकडं पळालं नाही. गाव मास्तरांकडं पळालं. रीत अशी की ज्यानं रुसवलं त्यानं हात जोडून चुकलो म्हणायचं, मग रुसलेल्याला मोडता घालता येत नाही, राग गिळावाच लागतो. पाटलांनी मास्तरांचा दंड धरला. "चला. दारात जाऊन चुकलो म्हना. एका शब्दाचं काम हाय."

मास्तरांच्या ओठांवर तो शब्द आलाच होता. तो म्हणायला त्यांचा जीव तडफडत होता. पण तो आत्ता म्हटला तर गैबीला रीतीप्रमाणं गार मागं घ्यावी लागणार, गाव निवांत झोपणार, ज्वारी उभीच राहणार आणि उद्या दुपारी गार पडणार. मग सूपही गेलं, ज्वारीही गेली आणि शिवी मात्र राहिली.

"नाही म्हणणार," मास्तर म्हणाले.

"हात जोडा नुसतं!"

"नाही."

"लई ताठा आलाय का मास्तर? मदरशाचा?"

"हो. आलाय," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. लोकांना तो माज वाटला.

पाटलांनी नारळ पाठवला, गैबीनं घेतला नाही. पाटलीणबाई खण घेऊन गेल्या, साखराबाईनं दाराच्या फटीतून सांगितलं, "माझं काई चालत न्हाई बाई, त्ये पालथं पडल्यात." हे खरं होतं. गैबी भिंतीकडं तोंड करून पडला होता, आणि आपण नाटक करतोय की काय करतोय हे त्यालाही सांगता आलं नसतं. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "मास्तर मोडत न्हाई, गैबी उठत न्हाई. इळे काढा रं." तेव्हा कुठं गाव हललं.

दुसऱ्या दिवशी पहाट व्हायच्या आत सगळी कवळवाडी रानात होती. ज्यांच्यात बोलणं नव्हतं तेही एकमेकांच्या पाथीला लागले. वाळायला चार दिवस हवे होते ती कणसं तशीच खुडून पोत्यांत, पाट्यांत, लुगड्यांत बांधून घराघरांत गेली. देवघरात ज्वारी, न्हाणीत ज्वारी, बाळंतिणीच्या बाजेखाली ज्वारी. पोत्यागणिक मास्तरांचा उद्धार होत होता. दुपार होईतो कापणी उरकली. उभा राहिला तो फक्त पाटलाचा लांबच्या पट्टीतला गहू.

मास्तर घरी थांबू शकले नाहीत. "छत्री तरी न्या," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "छत्रीची दांडी लोखंडी आहे," मास्तर म्हणाले आणि तसेच निघाले. कवळवाडीत त्यांना कुणी ओसरीवर बस म्हटलं नाही. ऊन चमत्कारिक पिवळं झालं होतं, वारा पडला होता, कावळे गप्प. मग पश्चिमेकडून ते आलं. निळंकाळं, खाली फाटलेलं, आतून सतत उजळणारं. मास्तरांनी आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते समोर होतं, आणि मास्तर पाटलाच्या गोठ्यात दोन म्हशींच्या मध्ये उभे होते.

पहिली गार पत्र्यावर पडली आणि म्हशीनं मास्तरांच्या पायावर पाय दिला. मग मोजदादच राहिली नाही. गावावर कुणीतरी डोंगर फोडून ओतत होतं. रस्ता पांढरा झाला. गारा आवळ्याएवढ्याच होत्या. मधूनच एखादी लिंबाएवढी पडे आणि घराघरांतून आवाज येई, "बगा! लिंबाएवढी!"

समोर मारुतीच्या देवळात, उंबऱ्याच्या आत, गैबी गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. त्रिशूळ भिंतीला टेकवलेला. तो आभाळाकडं बघत नव्हता. पायरीशी असलेल्या बापाच्या दगडाकडं बघत होता. दगडावर गारा फुटत होत्या.

मास्तरांना विचार करता आला नाही. ज्वारी घरात आलीच होती, आता तो शब्द अडवून धरायचं कारण उरलं नव्हतं. त्यांनी शेणाची पाटी उचलून डोक्यावर पालथी घातली आणि धावत सुटले. दारादारांतून सगळं गाव बघत होतं. जुगराफियाचे मास्तर, डोक्यावर पाटी, धोतर गुडघ्यापर्यंत, गारांवरून घसरत, एकदा चारी पायांवर आणि पुन्हा दोन पायांवर, देवळाच्या पायरीपर्यंत आले. दगड ओलांडताना थांबले, त्याला हात लावून तो हात कपाळाला लावला. मग आत जाऊन गैबीचे दोन्ही हात धरले.

"चुकलो," मास्तर म्हणाले. "गैबी, मी चुकलो रे. वडिलांवर जायला नको होतं."

गैबीनं मास्तरांच्या डोक्यावरची पाटी काढून बाजूला ठेवली.

आणि गार थांबली.

पंगतीतला ढग पुढच्या पानाकडं, धर्माबादच्या दिशेला सरकला होता. मास्तरांना ठाऊक होतं की अशी गार फार वेळ पडत नसते. हे ते कुणालाही उर्दूत समजावून सांगू शकले असते. पण गावानं जे बघितलं ते बघितलं. त्या शांततेत वळचणीतून थेंब गळत होते, आणि आपल्या दारातून अर्जुनराव पाटील ओरडले, "आवं मास्तर! ह्येच काल केलं असतं तर काय झिजलं असतं का तुमचं?"

गैबी मास्तरांच्या कानाशी आला. "जरा दम धरून यायचं हुतं मास्तर," तो हळूच म्हणाला. "आता माजाच माज्यावर इश्वास बसून राहिला."

पाटलाचा गहू आडवा झाला होता. सगळे गैबीच्या सुपाचं काय होतं ते बघायला थांबले. पाटील शेतात जाऊन आले आणि पारावर बसून त्यांनी निवाडा दिला. अडवायला गेला आणि अडली नाही, तर त्याचं चुकलं असतं. यानं सोडतो म्हणून सांगितली, सांगितल्या वेळेला सोडली, आणि मास्तरनं हात जोडल्याबरोबर मागं घेतली. यात कसूर कुठं आहे? उलट आजवर आपण त्याला निम्म्याच कामाची ज्वारी देत होतो. त्या सुगीला गैबीच्या घरी प्रत्येक सूप शिगोशीग आलं. पाटलांचं सर्वांत आधी.

मास्तरांचं नावही झालं, पण वेगळं. जालन्याहून उमरीपर्यंत त्यांनी वादळाचा माग काढला, वेळ सांगितली, दिशा सांगितली, आणि ती खरी ठरली, हे त्यांच्या घराबाहेर जगात तिघांनाच माहीत होतं. त्यांतले गुरुपादप्पा तारेच्या भीतीनं बोलत नव्हते, साखराबाईला बोलून परवडत नव्हतं, आणि गैबीला आताशा खात्री वाटत नव्हती. बाकी सगळ्यांच्या लेखी मास्तर म्हणजे ज्याच्या तोंडामुळं गार पडली तो माणूस. त्यांनी कवळवाडीतल्या कुणाशीही आवाज चढवला की लोक आधी आभाळाकडं बघत आणि मग मुकाट्यानं त्यांचं म्हणणं मान्य करत. मदरशातल्या पोरांचा जुगराफिया त्या साली फार चांगला झाला.

पुढच्या ढगाच्या वेळी गैबी नेहमीप्रमाणं मारुतीपुढं उभा राहिला. शिंगी फुंकली, उडीद फेकले, ढगाला भोकरची वाट दाखवली. फक्त त्रिशूळ त्यानं आधी जमिनीवर आडवा ठेवला आणि त्याच्यापासून चार हात लांब जाऊन उभा राहिला. कुणीतरी विचारलं तर म्हणाला, "बापानं सपनात येऊन सांगितलं." मास्तर पारावर होते. त्यांनी सोगा नीट केला.

तेव्हापासून कवळवाडीचे लोक आभाळाकडं बघेनासे झाले. ते पाराकडं बघत. मास्तर आणि गैबी लांब लांब बसलेले दिसले की बाया कुरड्या आत घेत आणि गडी विळे काढत. दोघं अगदी जवळ, कानाला तोंड लावून बसलेले दिसले, की गाव म्हणे, जमलंय दोघांचं, आता काळजी नाही, आणि निवांत झोपे. तेव्हाच एकजण काटा वादळाकडं कसा झुकलाय ते सांगत असे आणि दुसरा कुन्या अंगानं ते विचारत असे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तरी त्यांचं बहुधा चुकत नसे. आमच्या मुलखात बहुतेक ढग बाजूनंच जातात.